भिंतीवरचें चित्र आणि त्याची किंमत

मुंबईच्या काळा घोडा भागांतील जहांगीर कलादालनांत रविवारीं संध्याकाळीं जो समाज जमतो, त्यांत चित्रें विकत घेण्यासाठीं आलेले थोडे आणि पाहण्यासाठीं आलेले फार. हें स्वाभाविकच आहे. दादरचें किंवा पार्ल्याचें एखादें जोडपें घाटांतील पावसाच्या एका जलरंगी चित्रासमोर बराच वेळ उभें राहतें. धुक्यांतून वर आलेला कडा, पायथ्याशीं कौलारू घरांचा पुंजका, ओली पायवाट. दोघांनाहि तें मनापासून आवडलेलें असतें. मग नजर खालच्या चिठ्ठीकडे जाते. चिठ्ठीवर वीस हजारांचा आंकडा असतो. "कागदच तर आहे!" असें एक म्हणतें. "आणि चार दिवसांचें काम," असें दुसरें. दोघेंहि पुढच्या चित्राकडे वळतात. चित्रकार कोपऱ्यांतल्या खुर्चीवर बसून हें सारें ऐकत असतो. त्याच्या कानांना त्याची संवय झालेली असते.

ही शंका कंजूषपणाची आहे असें म्हणून तिची बोळवण करणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. मध्यम स्थितीच्या कुटुंबाला वीस हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. इतका पैसा एका कागदावर खर्च करावयाचा, तर तो आंकडा कशाच्या आधारानें आला हें विचारण्याचा गृहस्थाला पूर्ण अधिकार आहे. दुर्दैवानें उत्तर देणारे लोक एक तर 'कला अमूल्य आहे' असें सांगून मोकळे होतात, नाहीं तर लिलावांतले कोटींचे आंकडे त्याच्या तोंडावर फेकतात. दोन्ही उत्तरें निरुपयोगी आहेत. वस्तु अमूल्य असेल तर तिच्याखालीं चिठ्ठी कां लावावी? आणि त्या कोटींशीं कोपऱ्यांतल्या खुर्चीवरील माणसाचा संबंध काय?

चित्र स्वस्त असावें, ही समजूत मराठी घरांत कोठून आली हें पाहण्यासारखें आहे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापाचा कारखाना काढला. जर्मनींतून यंत्रें आणि कारागीर आणले. प्रत्येक रंगाला वेगळी शिळा. अशा अनेक शिळांचे छाप एकाच कागदावर एकावर एक उठवून तैलचित्राचा भास उत्पन्न करावयाचा, अशी ती कृति होती. पुढें हा कारखाना लोणावळ्याजवळ मळवलीस गेला आणि एका जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. राजवाड्यांतच पाहावयास मिळणाऱ्या लक्ष्मी आणि सरस्वती त्या कागदांवरून देवघरांत आणि ओटीवर आल्या. हा उपकार लहान नाहीं. पण त्याच्याबरोबर एक संवयहि घरांत शिरली. चित्र म्हणजे छापलेला कागद, आणि छापलेला कागद म्हणजे किरकोळ किंमत! त्यानंतर तर दिवाळीला वाणी, औषधवाला आणि विम्याचा एजंट फुकट दिनदर्शिका देऊं लागले, आणि भिंतीवरच्या चित्राला पैसे पडतात ही गोष्टच घराच्या स्मरणांतून गेली.

तेव्हां आधीं साधा हिशेब पाहावा. तो केवळ उदाहरणादाखल आहे. पण या व्यवसायांतील कोणालाहि तो अपरिचित वाटणार नाहीं. घाटाचें चित्र वीस हजारांना गेलें असें धरूं. खाजगी दालनें विक्रीचा तिसरा हिस्सा ते निम्मा वांटा घेतात. येथें शंभरांस चाळीस धरल्यास आठ हजार दालनाचे. चौकट, कांच आणि मागचा पुठ्ठा यांचे अडीच हजार. सुती कागद आणि चांगले रंग यांचे दीड हजार. उरले आठ हजार. पण भिंतीवर पंचवीस चित्रें असतात, आणि सगळीं कांहीं विकलीं जात नाहींत. त्यांपैकीं पांच गेलीं तर चित्रकाराच्या हातीं चाळीस हजार येतात, आणि उरलेल्या वीस चित्रांच्या चौकटी व कागद यांवर त्याचे ऐंशी हजार आधींच खर्च झालेले असतात. दहा गेलीं तर सर्व वजा जातां वीस हजार राहतात. चौकटी पुढच्या खेपेस उपयोगीं पडतात हें खरें; पण प्रदर्शन वर्षांत एखादेंच होतें, हेंहि तितकेंच खरें. म्हणूनच पुष्कळ चित्रकार शाळांतून चित्रकला शिकवितात, जाहिरातींचीं कामें घेतात, घरीं शिकवण्या चालवितात. केवळ चित्रावर संसार करणारा विरळा. वीस हजारांची ती चिठ्ठी पाहून गृहस्थ दचकतो, पण तींत चित्रकाराचा नफा शोधूं गेल्यास तो फारसा हातीं लागत नाहीं.

आतां 'चार दिवसांचें काम' या आक्षेपाकडे. जलरंगांत चूक झांकतां येत नाहीं. तैलरंगांत बिघडलेल्या जागेवर दुसरा थर देतां येतो. जलरंगांत मात्र कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश असतो, आणि तो एकदां मळला कीं गेलाच. चार दिवसांत जें साधलें, त्याच्यामागें फाडून टाकलेल्या कागदांचा ढीग असतो, आणि तो ढीग प्रदर्शनांत कोणी मांडीत नाहीं.

या बाबतींत सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांच्या एका चित्राची कथा मोठी बोधक आहे. हातांत दिवा घेतलेली, दुसऱ्या हाताच्या बोटांनीं ज्योत आडोशाला धरणारी स्त्री, आणि त्या बोटांतून झिरपलेला तांबूस उजेड; 'ग्लो ऑफ होप' या नांवानें हें चित्र प्रसिद्ध आहे आणि मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांत आहे. त्याच्या छापील प्रती असंख्य घरांत लागल्या. पाहणारे पुष्कळ जण तें तैलचित्र समजतात आणि रविवर्म्याचें म्हणून सांगतात. वस्तुतः तें १९४५-४६ च्या सुमारास केलेलें जलरंगी चित्र आहे, आणि रविवर्मा तर १९०६ सालींच निवर्तले होते. हळदणकर सावंतवाडीचे, जन्म १८८२ चा. म्हणजे हें चित्र रंगविलें तेव्हां त्यांनीं साठी ओलांडली होती. तें किती तासांत झालें हें मोजूं पाहणाऱ्यानें त्याआधींचीं चाळीस वर्षेंहि त्याच हिशेबांत धरलीं पाहिजेत. आणखी एक गोष्ट. चित्र रविवर्म्याचें समजल्यानें त्यांतील उजेड वाढत नाहीं, हळदणकरांचें ठरल्यानें तो मंदावत नाहीं. पण बाजारांत त्याच कागदाची किंमत या नांवापेक्षां त्या नांवाखालीं निराळी झाली असती. किंमतीचा जो भाग केवळ नांवाचा असतो तो असा.

नांवाची किंमत कोणाला मिळते, हा खरा वादाचा विषय आहे. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ चा, नागपूरचा. जे. जे. कलाशाळेंत त्यांचें शिक्षण झालें, आणि पुढील आयुष्य दिल्लींत, फार थोडक्या गरजांत आणि बव्हंशीं एकांतांत गेलें. ते वर्षाकांठीं मोजकींच चित्रें पुरीं करीत. २००१ सालीं ते वारले. २०१३ सालीं मुंबईंतील एका लिलावांत त्यांच्या एका तैलचित्राला २३ कोटींहून अधिक बोली आली, आणि २०२५ सालीं १९७० मधील एका चित्राला ६७ कोटींहून अधिक. हे आंकडे वाचून कोणी चित्रकारांचा हेवा करतो, कोणी त्यांची थट्टा करतो. दोन्ही अस्थानीं आहेत. लिलावांत चित्र विकतो तो त्याचा मालक; बोली वाढते ती दोन धनिकांच्या चढाओढीनें, आणि चित्रें थोडीं व कर्ता हयात नसल्यामुळें आणखी होण्याचा संभव नाहीं, म्हणून. कोल्हापूरचे आबालाल रहिमान हे कोटितीर्थाकांठीं साधेपणानें राहून निसर्गाचीं चित्रें काढीत. १९३१ सालीं ते गेले, आणि त्यांचीं चित्रें आज संग्रहालयांत जपून ठेवलेलीं आहेत. चित्राला मान चढत गेला तरी तो जिच्या हातून उतरला ती व्यक्ति बहुधा तेथें नसते.

या अन्यायावर कायद्यानें कांहींच केलें नाहीं असें नाहीं. १९५७ च्या कॉपीराईट कायद्यांत १९९४ सालीं एक कलम घालण्यांत आलें. चित्र, रेखाटन किंवा शिल्प यांची मूळ कृति पुन्हां विकतांना दहा हजार रुपयांपेक्षां अधिक किंमत आली, तर तिच्या कर्त्याला किंवा त्याच्या वारसांना त्या किंमतींत वांटा मिळावा, आणि तो वांटा दहा टक्क्यांपेक्षां अधिक नसावा, अशी ती तरतूद आहे. दहा हजारांची ही मर्यादा आज हास्यास्पदरीत्या लहान आहे. म्हणजे जवळ जवळ प्रत्येक पुनर्विक्री तिच्या कक्षेंत येते. तरीहि अशा वांट्याची मागणी झाल्याचें क्वचितच ऐकूं येतें, कारण विक्री कोणीं कोणाला केली हें चित्रकाराला कळतच नाहीं. आणि त्या कलमांत छायाचित्राचें नांव नाहीं. कुंचल्याला जो हक्क आहे तो कॅमेऱ्याला नाहीं.

छायाचित्राच्या किंमतीचा प्रश्न मुळांतच अधिक अवघड आहे. ही कला मुंबईला नवी नाहीं. १८५४ सालींच येथें फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्या काळांतील नामांकित छायाचित्रकार होते. पण घरांत छायाचित्र आलें तें कुटुंबाच्या तसबिरीच्या रूपानें. स्टुडिओंतल्या रंगविलेल्या पडद्यासमोर आजोबा खुर्चीवर, मुलें पायांशीं, आणि प्रती हव्या तितक्या. पुढें वर्तमानपत्रांनीं छायाचित्र घरोघर नेलें, पण तें घेणाऱ्याला मोल दिलें नाहीं. देशांतील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांना प्रारंभीं छापलेल्या एका छायाचित्रामागें एक रुपया मिळे, असें सांगतात. त्यांची आरंभींचीं छायाचित्रें तर पतीच्या नांवावर छापलीं जात. २०११ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळाला, तेव्हां त्यांचें वय सत्त्याण्णव वर्षांचें होतें.

"एक प्रत निघाली कीं दुसरी निघतेच; मग पैसे कशाचे?" हा गृहस्थाचा प्रश्न छायाचित्रापुढें खरोखर बिनतोड वाटतो. त्याचें एक उत्तर अमेरिकेंतून येतें. आन्सेल अॅडम्स यांनीं १९४१ सालीं न्यू मेक्सिको प्रांतांतील हर्नांडेझ नांवाच्या खेड्यावर उगवलेला चंद्र टिपला. त्या एका काचपट्टीवरून म्हणा, कीं निगेटिव्हवरून म्हणा, त्यांनीं आपल्या हयातींत हजाराहून अधिक प्रती स्वतः काढल्या. तरीहि त्यांतील एका प्रतीला २००६ सालीं लिलावांत सहा लाख डॉलरांहून अधिक किंमत आली. कारण अंधाऱ्या खोलींत बसून काढलेली त्यांची प्रत्येक प्रत वेगळी आहे. वर्षें गेलीं तसतसें त्यांनीं त्या आकाशाला अधिकाधिक काळें केलें. अॅडम्स तरुणपणीं पियानो वाजवीत. तीच चीज तोच गवई पुन्हां गातो, तेव्हां बैठक नवी असते, तसाच हा प्रकार.

पण आज कॅमेरा डिजिटल झाला आहे. संगणकांतील एका नोंदीवरून पहिली प्रत आणि हजारावी प्रत तंतोतंत एक निघते. हाताचा भाग उरला तो घेण्यांत आणि निवडण्यांत, छापण्यांत फारसा नाहीं. अशा वेळीं किंमतीला दुसरा आधार राहतो तो संख्येचा. छायाचित्रकारानें जाहीर करावें कीं या आकाराच्या दहाच प्रती निघतील. प्रत्येकीवर अनुक्रमांक आणि सही असावी. आणि अकरावी कधींहि निघूं नये. तो शब्द पाळला तर पंधरा हजार मागण्यास हरकत नाहीं. शब्दच दिला नसेल तर घेणारा चित्र घेत नसून भित्तिपत्रक घेत असतो, आणि भित्तिपत्रकाची किंमत कागद-शाईच्या थोडी वर असावी.

येथें स्पष्ट बोललें पाहिजे. स्थानिक छायाचित्रांच्या प्रदर्शनांतून ज्या किंमती लावलेल्या असतात, त्यांतल्या पुष्कळ समर्थनीय नाहींत. सुरकुतलेली वृद्धा, चिलीम ओढणारा साधु, गेटवेवरून उडणारीं कबुतरें, मावळतीच्या सूर्यासमोर होडी! ही चतुष्टयी कोणत्याहि प्रदर्शनांत भेटते. यांत साधूचा कांहीं दोष नाहीं. दोष आहे तो त्याला शंभरांवा म्हणून टिपून पहिल्याची किंमत मागणाऱ्याचा. उलट, एखाद्यानें दहा वर्षें एकाच गिरणगांवांतील बंद पडलेल्या चाळी, तेथले जिने, नळाची रांग, पाडण्याच्या आदल्या दिवशींची गच्ची टिपली असेल, तर त्या संग्रहांतील एक प्रत चित्राइतकीच महाग असली तरी ती वाजवी समजावी. ती वेळ पुन्हां येणार नाहीं आणि तितका वेळ दुसऱ्या कोणीं दिलेला नाहीं. आणि ज्या घरांत पंधरा हजारांच्या छायाचित्रावर कुजबुज होते, त्याच घरांत लग्नाच्या दोन दिवसांच्या चित्रणासाठीं लाखभर रुपये तक्रारीवांचून मोजले जातात, हेंहि सहज आठवतें. तेथें प्रतींच्या संख्येविषयीं कोणीच बोलत नाहीं. तेथें चित्रांत आपण असतों, एवढाच काय तो फरक.

मुंबईपासून दूर नसलेली आणखी एक कला या चर्चेंत हवीच, ती वारल्यांची. डहाणू-तलासरीकडील वारली घरांत लग्नाच्या वेळीं सुवासिनी सारवलेल्या, गेरूनें रंगविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहीत. त्याला किंमत नव्हती, कारण तो विकण्यासाठीं नव्हताच. लग्न झालें, काळ गेला, भिंत पुन्हां सारवली. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नानें हें चित्र कागदावर आलें, आणि जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून तें जगभर गेलें. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ सालीं ते वारले. कागदावर आल्याबरोबर चित्राला किंमत आली, आणि किंमतीबरोबर नक्कलहि. आज त्याच आकृति कुडत्यावर, चहाच्या कपावर, उपाहारगृहाच्या भिंतीवर छापलेल्या दिसतात, आणि त्यांतील पैसा त्या पाड्यापर्यंत पोंचतोच असें नाहीं. मग जत्रेंत किंवा सरकारी हस्तकला-प्रदर्शनांत एखादा वारली चित्रकार खरोखर हातानें केलेलें, दोन आठवडे खपून भरलेलें तारपानृत्य मांडून बसतो आणि चार हजार सांगतो. समोरची बाई म्हणते, "तिकडे पिशवीवर हेंच चित्र दोनशेंत मिळतें." तिचें म्हणणें तिच्यापुरतें खरें असतें, पिशवी दोनशेंचीच असते. तिला फरक दाखविणारें कोणी जवळ नसतें. जवळ जाऊन पाहिलें तर हातच्या चित्रांतील ठिपके एकसारखे नसतात, रेघ कोठें जाड कोठें बारीक होते, आणि पांढरा रंग कागदाच्या किंचित वर उभा राहतो. बोट न लावतांहि तें कळतें. एवढें पाहिल्यावर चार हजार सांगितले असतां दीड हजार देऊं करणें म्हणजे दोन आठवड्यांची मजुरी अर्ध्याहून कमी करण्यास सांगणें होय.

तेव्हां स्थानिक चित्रांच्या किंमती समर्थनीय आहेत काय? हातानें केलेल्या, एकुलत्या एका कृतीच्या बहुधा आहेत. नव्हे, त्या कित्येकदां कमीच असतात. संख्या लपविलेल्या प्रतींच्या नाहींत. आणि 'आज घ्या, दहा वर्षांनीं दसपट होईल' असें सांगून जी किंमत मागितली जाते, ती तर मुळींच नाहीं. २००८ पूर्वीं काहीं वर्षें चित्रांचा बाजार असा चढला होता कीं ज्यांनीं आयुष्यांत चित्र पाहिलें नाहीं तेहि चित्रें घेऊं लागले; मग बाजार बसला, आणि गोदामांत गुंडाळून ठेवलेल्या तरुण चित्रकारांच्या कृतींना घेतलेल्या किंमतीचा अर्धाहि देणारा मिळेना. त्यांतल्या कित्येकांच्या चांगल्या चित्रांची किंमत त्यानंतर कायमची पडली, आणि त्यांत त्यांचा दोष नव्हता.

ज्याला चित्र हवें आहे पण वीस हजार नाहींत, त्याला मार्ग पुष्कळ आहेत. कलाशाळांच्या वार्षिक प्रदर्शनांत विद्यार्थ्यांचीं रेखाटनें थोडक्या पैशांत मिळतात. जहांगीरच्या बाहेर पदपथावरच्या दालनांत चित्रकार स्वतःच उभे असतात, आणि त्यांच्याशीं बोलतां येतें. चित्रकाराला हप्त्यांविषयीं विचारण्यांत संकोच नसावा. पुष्कळ जण आनंदानें मान्य करतात, कारण चित्र घरीं परत नेण्यापेक्षां तीन महिन्यांत पैसे येणें त्यांना बरें वाटतें. घासाघीस करावयाची तर चौकटीवर करावी. घेतांना पावती अवश्य घ्यावी, आणि तीवर कर्त्याचें नांव, साल, माध्यम, आकार व छायाचित्र असल्यास प्रतींची संख्या लिहून मागावी. पावती मागच्या पुठ्ठ्याला न डकवतां कपाटांत ठेवावी. डिंकानें कागद पिवळा पडतो. जलरंगाचें चित्र पश्चिमेच्या उन्हांत लावूं नये, आणि कांच कागदाला टेकूं देऊं नये. मुंबई-कोंकणांत जूनपासून भिंतीला ओल येते. त्या चार महिन्यांपुरतीं चौकटीच्या मागें बुचाचीं दोन चकत्यें लावून ती भिंतीपासून बोटभर पुढें ठेवावी, म्हणजे बुरशी धरत नाहीं.